चिनी शाळा की इंग्लंडची शाळा? नऊ वर्षांच्या मुलीसाठी नेमकं काय बघायचं

ज्यांनी प्रश्न विचारलाय त्यांची परिस्थिती आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. हे चाकणला गाड्यांच्या कंपनीत आहेत, कंपनीने तीन वर्षांसाठी दोन पर्याय पुढे ठेवलेत, शांघाय किंवा इंग्लंडमधलं कव्हेंट्री. मुलगी नऊ वर्षांची, पुण्यात इंग्लिश मीडियमला चौथीत. ऑफिसातले लोक सांगतायत की चीनमध्ये नुसती घोकंपट्टी, पोराचं यंत्र करून टाकतात. घरी बायकोचं म्हणणं बरोब्बर उलटं, की तिथे निदान गणित तरी पक्कं होईल, इंग्लंडात नुसतं खेळवत बसतात. आणि शेवटी थेट प्रश्न, "कुठली पद्धत चांगली ते सांगा."

मी गणिताची शिक्षिका. सुरुवात नाशिकला केली, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे शांघायला गेलो, तिथे एका द्विभाषिक शाळेत बरीच वर्षं शिकवलं, आणि आता इंग्लंडमध्ये मिडलँड्समधल्या एका सरकारी शाळेत आहे. म्हणजे दोन्हीकडच्या स्टाफरूममध्ये बसलेय, एकीकडे दूध घातलेला चहा, दुसरीकडे थर्मासातलं नुसतं गरम पाणी. तरीही "कुठली चांगली" याचं एका शब्दात उत्तर माझ्याकडे नाहीये. कारण तुम्ही विचारताय पद्धतींबद्दल, आणि तुम्हाला ठरवायचंय एका मुलीबद्दल, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आधी पद्धतींचं बोलते, मग मुलीचं.

पहिला घोळ "पाश्चात्य" या शब्दातच आहे. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथी झाली, म्हणजे मूल दहाच्या आसपास असलं, की गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार का दुसऱ्या शाळेत हे ठरतं. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जातं आणि बारावीच्या पातळीची परीक्षा येईपर्यंत सगळ्या देशाची म्हणून एक सक्तीची परीक्षाच नसते. इंग्लंडमध्ये चौथ्या वर्षीच शाळा सुरू, आणि पाढ्यांपासून वाचनापर्यंत सरकारी चाचण्या. या तिघांना एका पिशवीत घालून "वेस्टर्न" म्हणायचं आणि त्याची तुलना चीनशी करायची, यातून काय हाती लागणार? चीनचंही तेच. तुम्ही वर्तमानपत्रात जे वाचता ते बहुतेक वेळा शांघायचं असतं, आणि शांघाय म्हणजे चीन नव्हे. तिथे बाहेरगावाहून कामाला आलेल्या लोकांच्या मुलांना हुकोऊ, म्हणजे गावची नोंदणी, आड येते आणि त्यातली कित्येक मुलं मोठ्या परीक्षेसाठी आपल्या प्रांतात परत जातात. २०१२ च्या पिसा चाचणीत, म्हणजे देशोदेशीच्या मुलांची एकच चाचणी घेतात त्यात, शांघायच्या पंधरा वर्षांच्या मुलांचे गणितात ६१३ गुण आले आणि ब्रिटनचे ४९४, तेव्हा तिकडे फार गाजावाजा झाला, पण नेमकी ही वर्गाबाहेर गेलेली मुलं किती मोजली गेली यावर तेव्हाही बराच वाद झाला होता. तो वाद खरा आहे. पण एवढं अंतर नुसत्या त्यानेच पडलं असं मात्र मला वाटत नाही, कारण वर्गात काय चालतं ते मी बघितलंय.

जाता जाता एक गंमत. आज ज्याला आपण "चिनी पद्धत" म्हणतो त्यातली बरीच चौकट १९५० च्या दशकात सोव्हिएत रशियाकडून आली. आणि त्याच्या आधी १९१९ ते १९२१ अशी दोन वर्षं जॉन ड्यूई, म्हणजे मूल करून शिकतं वगैरे विचारांचे अमेरिकन गुरू, चीनभर व्याख्यानं देत फिरत होते. त्यांना बोलावण्यात पुढाकार त्यांच्या हू शी या विद्यार्थ्याचा, जो कोलंबियाला होता, साधारण त्याच काळात जेव्हा आपले बाबासाहेब तिथे ड्यूईंच्या वर्गात बसत होते. सांगायचा मुद्दा, या भिंती आपण समजतो तेवढ्या जुन्या नाहीत आणि तेवढ्या जाडही नाहीत.

आता घोकंपट्टीचं. चीनमध्ये पाठांतर असतं, भरपूर असतं. लिपी पाठ करण्यावाचून इलाजच नाही. जुन्या कविता पाठ, पाढे पाठ. (पाढे फक्त नवापर्यंत हं, आणि सात आठे एकदा म्हटलं की आठ साते परत म्हणत नाहीत, त्यामुळे सगळे मिळून ४५ च ओळी. आपली पोरं तिसापर्यंत म्हणतात ऐकून आमच्या चिनी बाई थक्क झाल्या होत्या.) पण गणिताचा तास घोकंपट्टीचा असतो असं कोणी म्हणालं तर त्याने तो तास बघितलेला नाही.

एक तास जरा सविस्तर सांगते. आमच्या शाळेचा चिनी विभाग जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या गटाशी जोडलेला होता, त्यामुळे सरकारी शाळांतले तास बघायला मिळायचे. तिसरीचा वर्ग, चाळीसच्या आसपास मुलं, तास ३५ मिनिटांचा, विषय अपूर्णांकाची ओळख. बाईंनी एक चौकोनी कागद घडी घालून चार भाग केले, एक भाग रंगवला, मुलांनी एक पूर्ण वाक्य म्हटलं, "अख्ख्याचे चार सारखे भाग केले, त्यातला प्रत्येक भाग अख्ख्याचा एक चतुर्थांश." नुसतं "पाव" म्हणून चालत नाही, अख्खं वाक्यच हवं. आधी एकीने, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. इथपर्यंत तुमच्या ऑफिसातल्या मित्रांना घोकंपट्टीच वाटेल. पण पुढे बाईंनी फळ्यावर एक गोल काढला आणि त्यात तीन उभ्या समांतर रेघा मारल्या, सारख्याच अंतरावर. चार भाग झाले. एक रंगवला. हा पाव आहे का? निम्मा वर्ग हो म्हणाला. बाई गप्प. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला की कडेचा भाग बारीक आहे, "सारखे" नाहीत. बाईंनी त्याला शाबासकी दिली नाही, त्याला फळ्याशी बोलावलं आणि म्हणाल्या, मग हाच गोल तू सारखा वाटून दाखव. मग कागद वेगळा, आकार वेगळा, भाग सरळ कापलेले नाहीत तर तिरके, आणि तरीही पाव. मग दोन वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या, दोन्हींचा पाव, पण लांबी सारखी नाही, असं का? ३५ मिनिटांत एकच गोष्ट शिकवली, पण तिला सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं, आणि प्रत्येक उदाहरणात मागच्यापेक्षा फक्त एकच गोष्ट बदललेली. शांघायच्याच चिंगपू भागात कू लिंगयुआन नावाच्या गणिताच्या शिक्षकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून याच दिशेने काम केलं, आणि तिथल्या गणित शिकवण्यावर त्याचा मोठा प्रभाव पडला.

तास संपला, मला वाटलं आता निघायचं. पण खरी मजा नंतर होती. तिथे प्राथमिकलाही गणिताचे शिक्षक फक्त गणितच शिकवतात, आणि दिवसाला दोन, फार तर तीन तास. उरलेल्या वेळात वह्या तपासायच्या, त्याच दिवशी, आणि ज्यांचं चुकलंय त्यांना जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी बोलावून तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायचं. त्या दिवशी चार-पाच पोरं आली होती. त्यांना काही वेगळं सोपं दिलं नाही, तेच गणित, फक्त जास्त वेळ. त्यानंतर त्या विषयाचे सगळे शिक्षक, च्याओयानझू म्हणतात त्या गटाला, एकत्र बसले आणि बघितलेल्या तासावर बोलले. गोलाचं उदाहरण दोन मिनिटं आधी यायला हवं होतं का यावर वीसेक मिनिटं वाद. बाई नवीन नव्हत्या, केस पांढरे झालेले, तरी वहीत लिहून घेत होत्या. नाशिकला किंवा इथे माझ्या तासाबद्दल कुणी असं बोललं नाहीये. इथे तासाला कोणी बसायला आलं की पोटात गोळा येतो, कारण ते बहुतेक वेळा तपासणीला आलेले असतात.

म्हणजे मुद्दा असा की चिनी वर्गाचं गृहीतक आहे, विषय सगळ्यांसाठी एकच, आणि तो सगळ्यांना आलाच पाहिजे. मुलगा मागे पडला तर त्याने जास्त मेहनत करायची, शिक्षकाने जास्त वेळ द्यायचा, पण धडा बदलत नाही. १९८० च्या दशकात हॅरल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिगलर या अमेरिकन अभ्यासकांनी मिनिआपोलिस, तैपेई आणि जपानमधलं सेंदाई इथल्या मुलांचा आणि आयांचा अभ्यास केला, पुढे त्यात बीजिंगही आलं. अमेरिकन आया गणित येण्याचं श्रेय उपजत हुशारीला जास्त द्यायच्या, तिकडच्या आया कष्टाला. हे मला वर्गात रोज दिसायचं. "माझ्या मुलाचं डोकं गणिताचं नाही" हे वाक्य शांघायच्या पालकसभेत क्वचितच ऐकलं, इथे पालक मला ते हसत हसत सांगतात, वर "माझंही नव्हतं" असंही.

इंग्लंडचं गृहीतक वेगळं. मूल जिथे आहे तिथून त्याला पुढे न्यायचं, म्हणून धडा मुलाप्रमाणे बदलायचा. ऐकायला किती छान वाटतं, आणि कधी कधी खरंच छान असतं, पण त्याची एक बाजू पालकांना दिसत नाही. इथे कितीतरी प्राथमिक शाळांत तीन पातळ्यांच्या वर्कशीट असतात, मिरच्यांची चित्रं काढलेली, एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या, मुलाने आपली आपण निवडायची. एक मुलगी वर्षभर एक मिरचीच उचलते, कारण ती सोपी आहे आणि चुकत नाही. कोणी तिला ओरडत नाही, सगळे तिचं कौतुकच करतात. मग माध्यमिकला गणितात सेट पडतात, म्हणजे हुशारीप्रमाणे गट, आणि ती खालच्या सेटमध्ये जाते. सोळाव्या वर्षी जीसीएसई, आपल्या दहावीसारखी परीक्षा, असते, त्यात गणिताचे दोन पेपर-प्रकार, फाउंडेशन आणि हायर. फाउंडेशनला बसलेल्या मुलाला जास्तीत जास्त ५ ग्रेड मिळू शकते, ९ पर्यंतची वाट बंदच. आणि त्या मुलीची ती वाट कधी बंद झाली? सोळाव्या वर्षी नाही, ती आठव्या-नवव्या वर्षी मिरची उचलताना हळूच बंद व्हायला लागली होती. आईबापांना पत्तासुद्धा नसतो.

चीनमध्ये चाळणी लागते पण उशिरा लागते, आणि लागते तेव्हा आवाज करून लागते. २००६ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात नववीपर्यंत शाळांचे आणि वर्गांचे "खास" आणि "साधे" असे भाग करायला बंदी आहे. (पळवाटा आहेत, पालक घर बदलून चांगल्या शाळेच्या हद्दीत जातात, त्या घरांचे भाव विचारू नका.) नववीनंतर झोंगकाओ, म्हणजे हायस्कूलच्या प्रवेशाची परीक्षा. त्यात देशभरात साधारण ३५ ते ४५ टक्के मुलं नेहमीच्या हायस्कूलला न जाता व्यवसाय शिक्षणाकडे जातात. म्हणजे पंधराव्या वर्षी एका परीक्षेने. आणि तिथून पुढे गाओकाओ, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, २०२४ मध्ये त्याला १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली. हबेई प्रांतातली हंगश्वेई हायस्कूल किंवा आनहुईमधलं माओतानचांग हे गाव, ही ठिकाणं याच परीक्षेवर चालतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. आपल्याकडे लातूर पॅटर्न आणि कोटा बघितलेल्या माणसाला हे काही नवीन सांगायला नको.

तेव्हा तुमच्या ऑफिसातले मित्र जे सांगतायत ते हायस्कूलबद्दल आहे, तिसरी-चौथीबद्दल नाही. दोन्ही एकच समजून लोक बोलतात म्हणून सगळा गोंधळ होतो.

पण चिनी पद्धतीची किंमत हायस्कूलपर्यंत थांबते असंही नाही. २०१२ च्याच पिसात शांघायची मुलं आठवड्याला जवळजवळ १४ तास गृहपाठ करत होती, ब्रिटनची पाचेक, फिनलंडची तीनसुद्धा नाही. हिशेब करा, फिनलंडचे गुण शांघायपेक्षा कमीच आले पण तासाला किती आले? चष्मा नसलेलं मूल शांघायच्या वरच्या वर्गांत शोधावं लागायचं. रोज दोनदा ध्वनिक्षेपकावर संगीत लागतं आणि सगळी शाळा डोळे मिटून भुवया, नाकाचा उंचवटा, कानशिलं दाबत बसते, १९६० च्या दशकापासून हे चालू आहे, आणि चष्मे वाढतच गेले. अर्थात सरकारलाही हे दिसत होतं. जुलै २०२१ मध्ये "दुहेरी कपात" आली. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ बंद, तिसरी ते सहावी तासाभराच्या आत, त्यापुढच्या वर्गांना दीड तास, आणि नववीपर्यंतच्या शालेय विषयांच्या क्लासेसना नफा कमवायला बंदी. मोठमोठ्या क्लासवाल्या कंपन्यांचे शेअर एका रात्रीत आपटले. मग काय, क्लास थांबले का? मोठे बोर्ड उतरले, आणि शिकवणी, शिक्षिकेला घरकामाची "मावशी" म्हणून ठेवून किंवा कॉफी शॉपमध्ये, दुप्पट फीने सुरू झाली. कारण परीक्षा तिथेच होती. वरची चाळणी तशीच ठेवून खालचा गृहपाठ कमी केला तर पालक गप्प बसणार आहेत का, तुम्ही बसला असतात का?

दुसरी किंमत ज्या मुलाला वेगळी मदत लागते त्याने भरायची. डिस्लेक्सिया आहे, लक्ष टिकत नाही, ऑटिझम आहे, अशा मुलाला "अजून मेहनत कर" हे उत्तर क्रूर आहे. इथे इंग्लंडात प्रत्येक सरकारी शाळेत त्यासाठी एक शिक्षक नेमलेला असावाच लागतो, गरज मोठी असेल तर कायद्याने बांधलेला आराखडा मिळतो, ज्याला ईएचसीपी म्हणतात. तो मिळवायला पालकांच्या चपला झिजतात हेही खरं, पण निदान हक्क कागदावर आहे. तुमच्या मुलीचं असं काही असेल तर पुढचं वाचूही नका, इंग्लंड.

आता सर्जनशीलता, कारण तो शब्द यात येणारच. लोक म्हणतात चिनी मुलं सोडवतात पण सुचत नाही त्यांना. याला थोडा आधार आहे. २०१२ ला पिसाने पुस्तकाबाहेरचे प्रश्न सोडवण्याची वेगळी चाचणी घेतली, त्यात शांघायचे ५३६, म्हणजे गणित-विज्ञानाचे गुण बघता जेवढे यायला हवे होते त्यापेक्षा बरेच कमी. पण तरीही इंग्लंडच्या ५१७ च्या वरच. आणि २०२२ च्या पिसात सर्जनशील विचारांची चाचणी घेतली तर पहिला आला सिंगापूर, जिथे परीक्षेचं वेड चीनइतकंच आहे. तेव्हा "परीक्षा असली की कल्पनाशक्ती मरते" हे इतकं सरळ नाही. मात्र एक गोष्ट मी इथे बघितली जी तिकडे बघितली नाही. इतिहासाच्या तासाला बारा-तेरा वर्षांची मुलं १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई हॅरल्ड का हरला यावर भांडत होती, हातात तेव्हाच्या लेखकांचे उतारे, आणि एक मुलगी म्हणाली की हा माणूस विल्यमच्या बाजूचा आहे, याचं कशाला ऐकायचं. बाईंनी उत्तर दिलंच नाही, उलट विचारलं की मग कोणाचं ऐकायचं ते तू ठरव आणि का ते लिही. पुराव्यावर शंका घेणं, शिक्षकाच्या तोंडावर नाही म्हणणं, वर्गासमोर उभं राहून आपलं मत मांडणं, हे इथे आठवड्याला होतं. शांघायमध्ये गणितात वाद घालायला वाव आहे, इतिहासात नाही, तो का नाही हे मी सांगायची गरज नसावी.

आणि तुमच्या मिसेसचं "इंग्लंडात काही शिकवत नाहीत", ते जुनं झालं. २०१४ पासून काही वर्षं इथलं शिक्षण खातं शांघायहून गणिताचे शिक्षक बोलवत होतं आणि इथले तिकडे पाठवत होतं, २०१६ मध्ये यासाठी सुमारे ८००० प्राथमिक शाळा आणि ४ कोटी १० लाख पौंड जाहीर झाले. सगळा वर्ग एकत्र पुढे न्यायचा, पूर्ण वाक्यात उत्तर, एकेका पायरीने जायचं, हे आता इथल्या अनेक शाळांत आहे. इयर फोरच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या, मुलांना कॉम्प्युटरवर पाढ्यांची चाचणी असते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. हे सगळं कितपत लागू पडलंय? माझ्या मते अर्धंच, कारण इथल्या प्राथमिक बाई गणित, इंग्लिश, विज्ञान, पीटी सगळं एकटी शिकवते, दिवसभर वर्गात उभी. त्याच दिवशी वह्या तपासून जेवणाच्या सुट्टीत मुलांना बोलवायला तिला वेळ कुठून येणार? शांघायची पुस्तकं आणली, तास आणला, शिक्षकाचं वेळापत्रक नाही आणलं. माझ्या लेखी सगळं त्या वेळापत्रकातच आहे.

इथपर्यंतचं दोन ओळीत: लहान वर्गांत चिनी पद्धत गणितासाठी मला सरस वाटते, आणि त्याचं कारण पाठांतर नाही, शिक्षकाची तयारी आणि "सगळ्यांना येणार" हा हट्ट. मोठ्या वर्गांत, आणि वाचन, लेखन, इतिहास, बोलणं यात, मी माझं स्वतःचं मूल इंग्लंडात ठेवेन.

आता तुमची मुलगी. इथे सगळं परिस्थितीवर आहे म्हणून एकेक बघू.

सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीये, भाषा. शांघायच्या सरकारी शाळा परदेशी मुलांना घेतात, पण शिकवणं चिनीत. अभ्यासक्रमाप्रमाणे चौथीच्या शेवटी मुलाला २५०० च्या आसपास अक्षरं ओळखता यायला हवीत आणि १६०० लिहिता. तुमची मुलगी शून्यावर. मुलगी सहा वर्षांची असती तर मी म्हटलं असतं टाका, वर्षभर रडेल आणि मग तुमच्यापेक्षा चांगलं चिनी बोलेल. नवव्या वर्षी, आणि तेही फक्त तीन वर्षांसाठी, मी नाही टाकणार. गणिताची शाब्दिक उदाहरणंच वाचता आली नाहीत तर तो सुंदर तास तिच्या डोक्यावरून जाईल.

मग उरतात दोन. एक, द्विभाषिक खासगी शाळा, पण सप्टेंबर २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे त्यांना नववीपर्यंत चिनी राष्ट्रीय अभ्यासक्रमच शिकवावा लागतो, त्यामुळे तिथेही चिनी बऱ्यापैकी लागणारच. दोन, फक्त परदेशी पासपोर्टवाल्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय शाळा, तिथे अभ्यासक्रम बहुधा ब्रिटिश, अमेरिकन किंवा आयबी, फी वर्षाला अडीच-तीन लाख युआनच्या घरात. म्हणजे नीट बघितलं तर तुमच्यापुढे चीन विरुद्ध इंग्लंड असा प्रश्नच नाहीये. शांघायला गेलात तर मुलगी बहुतेक फी भरून ब्रिटिश पद्धतीत शिकेल, कव्हेंट्रीला गेलात तर तेच सरकारी शाळेत फुकट. फरक राहील तो शहराचा, मित्रमैत्रिणींचा आणि थोडंफार चिनी शिकण्याचा, जो काही कमी मोलाचा नाही.

म्हणून माझं मत: कंपनी शाळेची फी पूर्ण, लेखी, करारात घालून देत असेल तर शांघायचा विचार करा, नाहीतर कव्हेंट्री. "बघू, ॲडजस्ट करू" असं एचआर म्हणत असेल तर नाही म्हणा, मी या "बघू" मध्ये अडकलेली दोन मराठी कुटुंबं जवळून बघितलीयत, सहा महिन्यांत आई आणि मूल परत पुण्याला.

कव्हेंट्रीला गेलात तर गणिताचं काय, ही मिसेसची काळजी रास्त आहे. घरी जादा वर्कशीटचे गठ्ठे आणू नका. पुण्याची चौथी झालेल्या मुलीचे पाढे आणि आकडेमोड इथल्या मुलांच्या पुढेच असतात, पहिले सहा महिने ती वर्गात हुशार ठरेल आणि तिथेच धोका आहे, तुम्ही निश्चिंत व्हाल. तिला उत्तर आलं की विचारा, का? दुसऱ्या रीतीने काढून दाखव. आकडा बदलला तर काय होईल? एकच उदाहरण, दहा मिनिटं, रोज. एवढंच शांघायमधून उचला. आणि तीन वर्षांनी परत येणार असाल तर ती तेव्हा सातवीत असेल, गणित-विज्ञानाचं निभावेल, पण हिंदी-मराठीचं वाचन-लेखन सुटलं तर आठवी-नववीत जड जाईल, त्याचं आत्ताच ठरवा.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत, स्विमिंग पूल, स्मार्टबोर्ड याकडे बघू नका. एखाद्या मधल्या मुलाची गणिताची वही मागा, सगळ्यात हुशार मुलाची नाही. चूक झालीय तिथे पुढे काय झालंय ते बघा, नुसती लाल खूण आहे का मुलाने परत करून दाखवलंय. मग इंग्लंडात हे तीन प्रश्न विचारा: गणिताला गट कितव्या वर्षापासून पाडता, मागच्या वर्षी किती मुलं खालून वर गेली, आणि खालच्या गटाला तुमचे सगळ्यात अनुभवी शिक्षक देता का नवीन? तिसऱ्या प्रश्नाला हेडबाई जरा थांबल्या तर काय समजायचं ते समजा.

आणि तारखा. तिचं इयर ३१ ऑगस्टला पूर्ण झालेल्या वयावर ठरतं, त्या दिवशी नऊ पूर्ण असतील तर सप्टेंबरपासून इयर फाइव्ह. वर्षाच्या मध्ये येणार असाल तर आधी कव्हेंट्रीच्या काउन्सिलच्या साइटवर कुठल्या शाळेत जागा आहे ते बघा आणि मगच घर भाड्याने घ्या, उलटं करू नका, कारण जागा बऱ्याचदा घराच्या अंतरावर मिळते. इयर सिक्समध्ये गेली की त्याच शरद ऋतूत, ३१ ऑक्टोबरच्या आत, माध्यमिक शाळेचा अर्ज जायला हवा. नवीन आलेले आपले लोक हीच तारीख हमखास चुकवतात आणि मग उरलेल्या शाळांतून मिळेल ती घ्यावी लागते. मुलीचा वाढदिवस कोणत्या महिन्यात आहे आणि निघायचं कधी आहे ते खाली लिहा, म्हणजे नेमकं इयर कुठलं आणि अर्ज कधी करायचा ते सांगते.